हृदयाच्या भिंती आणि बारा दिशांचा आलेख

आपल्या शिरड शहापूरहून औंढा नागनाथ फार दूर नाहीं. त्या औंढा तालुक्यांत, दुधाळा गांवाजवळ, 'लायगो-इंडिया' नांवाची एक वेधशाळा उभारण्याचें ठरलें आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. केंद्र सरकारनें या योजनेस २०१६ च्या फेब्रुवारींत तत्त्वतः व २०२३ च्या एप्रिलांत पूर्ण मान्यता दिली, आणि तिजसाठीं सुमारें २,६०० कोटि रुपये मंजूर केले. अशा वेधशाळा अमेरिकेंत दोन आहेत, इटलींत एक आहे, जपानांत एक आहे. मग आणखी एक हिंगोली जिल्ह्यांत कशाला, असें कोणी विचारील. याचें उत्तर असें कीं, एका ठिकाणच्या यंत्रास लहर आली एवढेंच कळतें. ती कोणीकडून आली हें कळण्यास निरनिराळ्या जागीं व निरनिराळ्या रोखानें बसविलेलीं अनेक यंत्रें लागतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींतून निघालेली लहर पृथ्वीवर पोहोंचली, तेव्हां अमेरिकेंतील दोन्ही यंत्रांनीं ती स्पष्ट टिपली. इटलींतील यंत्रांत ती जेमतेम उमटली. मौज अशी कीं, त्या जवळजवळ गप्प राहिलेल्या यंत्राचाच मोठा उपयोग झाला. ज्या रोखाची लहर त्या यंत्रास नीट दिसत नाहीं, त्याच रोखास ते तारे असले पाहिजेत, असें तिन्ही नोंदी ताडून अनुमान निघालें, आणि तिकडे दुर्बिणी वळवितां वासुकी तारकासमूहांतील एका दीर्घिकेंत तें तेज सांपडलें.

मनुष्याच्या हृदयाचा जो विद्युत्-आलेख काढतात, व ज्यास आतां सर्व लोक 'ई.सी.जी.' या नांवानेंच ओळखतात, त्याच्या मुळाशीं हाच न्याय आहे. दवाखान्यांत रोग्याच्या हातापायांस चिमटे व छातीस रबरी फुगे लावून कागदाची पट्टी काढतात, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्या पट्टीवर बारा ठिकाणीं बारा प्रकारच्या नागमोडी रेघा असतात. कित्येकांची अशी समजूत असते कीं, हृदयाचे बारा भाग असून प्रत्येकास एक रेघ दिलेली आहे. तसें नाहीं. हृदय एक, ठोका एक. बारा जागांवरून पाहिल्यामुळें त्याचीं चित्रें मात्र बारा. औंढ्याच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर कोरीव काम आहे. पूर्वेस उभ्या राहिलेल्या मनुष्यास पश्चिमेच्या भिंतीवरील मूर्ति दिसत नाहींत. ती भिंत कोसळली तरी पूर्वेकडून देऊळ धडधाकटच दिसेल. हृदयाकडे पाहण्याच्या अशा प्रत्येक दिशेस डॉक्टर मंडळी 'लीड' म्हणतात, व आम्हीही तोच शब्द ठेवतों. लीड म्हणजे तार, हा समज मात्र प्रथम सोडून द्यावा. कारण रोग्यास जोडलेल्या तारा दहा आणि लीड बारा, हें गणित मग सुटत नाहीं.

हृदय मुठीएवढें असून छातीच्या मध्याच्या किंचित् डावीकडे तिरपें बसलेलें आहे. त्याचें टोंक डावीकडे, खालीं व पुढें वळलेलें असतें. त्यांत वर दोन कर्णिका व खालीं दोन जवनिका असे चार कप्पे आहेत. हल्लींच्या पाठ्यपुस्तकांत यांस अलिंद व निलय म्हणतात. सर्व शरीरास रक्त ढकलण्याचें काम डाव्या जवनिकेचें. म्हणून तिची भिंत सर्वांत जाड, आणि आलेखावर जें उमटतें तें मुख्यतः तिचेंच. पुढची भिंत, श्वासपटलावर टेंकलेली खालची भिंत, डाव्या कुशीकडची बाजूची भिंत, पाठीकडची मागची भिंत, आणि दोन जवनिकांमधील पडदा, इतके तिचे भाग लक्षांत ठेवले म्हणजे पुढील विषय सोपा जातो. ठोक्याची सूचना उजव्या कर्णिकेच्या माथ्यावर निघते व विजेच्या लहरीच्या रूपानें खालीं व डावीकडे धांवते. ही लहर ज्या लीडकडे येत असते त्या लीडची रेघ वर चढते. जिच्यापासून दूर जाते तिची रेघ खालीं उतरते. आणि जिला काटकोनांत ओलांडून जाते, तिच्या रेघेंत चढ व उतार सारखेच होऊन एकंदरींत फारसें कांहीं उमटत नाहीं. आलेखाचें सारें व्याकरण या एका नियमांत आहे.

मनुष्याच्या हृदयाचा असा आलेख प्रथम काढला तो लंडन येथील सेंट मेरी रुग्णालयांत ऑगस्टस वॉलर यांनीं, १८८७ सालीं. आपल्या जिमी नांवाच्या कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्यांत ठेवून ते हा प्रयोग लोकांस दाखवीत असत. परंतु त्यांचें यंत्र मंद होतें. खरें काम केलें तें हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइन्थोव्हेन यांनीं. यांचा जन्म १८६० सालीं जावा बेटांत झाला. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें चांदीचा मुलामा दिलेला अत्यंत बारीक धागा ताणून त्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं जें यंत्र रचलें, त्याचें वजन सुमारें २७० किलो होतें व तें चालविण्यास पांच माणसें लागत. रोग्यानें दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावयाचें. या कार्याबद्दल त्यांस १९२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आज तेंच काम पिशवींत मावणारें यंत्र करतें.

त्या तीन भांड्यांतून तीन दिशा निघाल्या. उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे पाहणारी पहिली लीड. उजव्या हाताकडून डाव्या पायाकडे दुसरी. डाव्या हाताकडून डाव्या पायाकडे तिसरी. हा झाला आइन्थोव्हेन यांचा त्रिकोण. यांतील एक गंमत विद्यार्थ्यांनीं स्वतः पडताळून पाहावी: पहिल्या व तिसऱ्या लीडमधील उंची मिळवली कीं दुसरीची उंची येते. पहिलींत रेघ ६ मिलिमीटर व तिसरींत ४ मिलिमीटर चढली असेल, तर दुसरींत त्याच क्षणीं ती १० मिलिमीटर चढलीच पाहिजे. न चढल्यास यंत्रांत किंवा जोडणींत दोष आहे. पुढें अमेरिकेंतील फ्रँक विल्सन यांनीं १९३४ सालीं हातापायांच्या तिन्ही तारा एकत्र बांधून एक मध्यबिंदु कल्पिला, आणि त्या बिंदूपासून छातीवरील कोणत्याही जागेकडे पाहतां येईल अशी सोय केली. छातीवरील सहा जागा १९३८ मध्यें अमेरिकन व ब्रिटिश हृदयतज्ज्ञांच्या मंडळांनीं मिळून ठरविल्या. १९४२ सालीं इमॅन्युएल गोल्डबर्गर यांनीं त्याच तीन अवयवांपासून आणखी तीन दिशा काढल्या. त्यांस एव्हीआर, एव्हीएल व एव्हीएफ म्हणतात. अशा रीतीनें हातापायांच्या सहा व छातीच्या सहा मिळून बारा दिशा झाल्या. दहा तारांचा हिशेबही आतां लागतो: छातीच्या सहा, हातापायांच्या चार, त्यांतील उजव्या पायाची काळी तार आलेख काढीत नाहीं, ती केवळ यंत्रांतील गडबड कमी करण्यासाठीं असते.

हातापायांच्या सहा दिशा लक्षांत ठेवण्याची एक सोपी युक्ति आहे. रोगी आपल्यासमोर उभा आहे व त्याच्या छातीवर आपल्याकडे तोंड करून एक घड्याळ टांगलें आहे, अशी कल्पना करावी. त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे, म्हणजे तीनच्या बाजूस येईल. पहिली लीड बरोबर तीनवर आहे. एव्हीएल दोनवर. दुसरी पांचवर, एव्हीएफ सहावर, तिसरी सातवर. एव्हीआर एकटीच दहावर, उजव्या खांद्याकडे. निरोगी मनुष्याच्या ठोक्याची मुख्य लहर बहुधा चार-पांचच्या सुमारास जाते. म्हणून दुसऱ्या लीडमधील रेघ बहुधा सर्वांत उंच असते, आणि दोनवरील एव्हीएल पांचच्या रोखाशीं काटकोन करीत असल्यामुळें तिच्यांत फारसें कांहीं दिसत नाहीं. इटलींतील त्या गप्प यंत्राची येथें आठवण व्हावी. एव्हीआरकडे तर लहर पाठ फिरवूनच जाते, म्हणून तिच्यांत सर्व उलटें. कधीं तिच्यांत सर्व सुलटें आणि पहिल्या लीडमध्यें सर्व उलटें दिसलें, तर हृदय उजवीकडे असलेला विरळा मनुष्य शोधण्याआधीं उजव्या हाताची तांबडी व डाव्या हाताची पिवळी तार यांची अदलाबदल झाली नाहीं ना, हें पाहावें. बहुधा तेंच झालेलें असतें.

आतां मुख्य प्रश्न. हृदयास स्वतःचें रक्त पुरविणाऱ्या रक्तवाहिनींत गांठ अडकली म्हणजे तिच्या वांट्याची भिंत मरूं लागते; यासच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतों. त्या भिंतीकडे तोंड करून असलेल्या लीडमध्यें, ठोक्याची मोठी खूण व तिच्यानंतरची गोल टेंकडी यांच्यामधला जो सपाट भाग असतो, तो आपल्या पातळीवरून वर उचलला जातो. एकाच लीडमध्यें असें दिसल्यास डॉक्टर सहसा निर्णय देत नाहींत; शेजारशेजारच्या निदान दोन लीडमध्यें तें दिसलें पाहिजे. एक साक्षीदार चुकूं शकतो, परंतु एकाच भिंतीसमोर उभे असलेले दोघे तेंच सांगूं लागले म्हणजे त्यांचें ऐकावें लागतें. आणि समोरच्या बाजूच्या लीडमध्यें तोच भाग खालीं दबलेला दिसला, तर साक्ष अधिक पक्की होते.

यांपैकीं खालच्या भिंतीविषयीं आम्हांस अधिक लिहावेंसें वाटतें, कारण आपल्याकडे फसवणूक होते ती बहुतकरून येथें. पांच, सहा व सात वाजतां उभ्या असलेल्या तीन लीड, म्हणजे दुसरी, एव्हीएफ व तिसरी, या भिंतीकडे खालून पाहतात. आणि सातच्या जवळजवळ समोर असलेली एव्हीएल प्रथम दबते. बहुतेक माणसांत या भिंतीस उजव्या हृदयधमनीचें रक्त मिळतें. ही भिंत श्वासपटलावर टेंकलेली, व श्वासपटलाखालीं लागलीच जठर. त्यामुळें ही भिंत दुखावली असतां वेदना पुष्कळदां छातींत न होतां पोटाच्या वरच्या भागांत, बेंबीच्या वर होते. मळमळ सुटते, उलटी होते, दरदरून घाम येतो. नाडी जलद होण्याऐवजीं मंदही होते, कारण हृदयांतील विजेच्या वाटेवरील मुख्य नाक्यासही बहुधा त्याच धमनीचें रक्त असतें. हळद शिजविण्याच्या दिवसांत दिवसभर चुलाणापुढें राबलेल्या मनुष्यास संध्याकाळीं असें झालें, तर घरचीं माणसें काय म्हणतील? पित्त झालें, गॅस धरला, ऊन लागलें. सोडा देतात, पोटास तेल चोळतात आणि निजवून ठेवतात. पित्तानेंही असें होतें हें खरें. परंतु पित्त कीं हृदय हें हातानें पोट चांचपून कळत नाहीं, आणि त्या तीन रेघांवरून मात्र बहुतेक वेळां कळतें. चाळिशी उलटलेल्या, विशेषतः मधुमेह किंवा तंबाखूचें व्यसन असलेल्या मनुष्यास घामासह असें दुखूं लागलें तर प्रथम आलेख, मग सोडा.

याच भिंतीच्या संबंधांत दुसरी एक गोष्ट. छातींत दुखूं लागतांच शेजाऱ्याकडची जिभेखालची गोळी मागून आणून देण्याची रीत खेड्यापाड्यांत पडली आहे. हेतु चांगला असतो. परंतु खालच्या भिंतीच्या झटक्यांत सुमारें एकतृतीयांश ते निम्म्या रोग्यांत उजवी जवनिकाही सांपडलेली असते. अशा वेळीं ती जवनिका शरीरांतून परत येणाऱ्या रक्ताच्या दाबावर कशीबशी चालत असते. ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते, परत येणारें रक्त कमी होतें, आणि रक्तदाब एकाएकीं घसरून रोगी बेशुद्ध पडण्याचें भय असतें. नेहमींच्या बारा दिशांत उजवी जवनिका नीट दिसत नाहीं. म्हणून जाणता डॉक्टर खालच्या भिंतीची खूण दिसतांच छातीवरील चौथी तार उचलून उजव्या बाजूस त्याच उंचीवर लावतो व आणखी एक रेघ काढतो; तिला व्ही ४ आर म्हणतात. तेरावी दिशा हवी असेल तर ती अशी मिळते. दुसऱ्याच्या डब्यांतील गोळीस ही विद्या नाहीं.

पुढच्या भिंतीची कथा निराळी. तिच्यासमोर छातीवरील तारा प्रत्यक्ष उभ्याच असतात. व्ही १ व व्ही २ या दोन जवनिकांमधील पडद्याकडे पाहतात, व्ही ३ व व्ही ४ पुढच्या भिंतीकडे, व्ही ५ व व्ही ६ डाव्या बाजूकडे. पडदा व पुढची भिंत यांस डाव्या धमनीची जी शाखा पुढून खालीं उतरते तिचें रक्त मिळतें. ती आरंभींच बंद पडली तर डाव्या जवनिकेचा मोठा भाग एकदम धोक्यांत येतो, म्हणून हा झटका सामान्यतः अधिक घातक समजतात. बाजूच्या भिंतीस डावीकडून वळसा घालून जाणारी शाखा रक्त पुरविते. तिची साक्ष व्ही ५, व्ही ६, व घड्याळांतील दोन-तीनवरच्या एव्हीएल आणि पहिली या लीड देतात. अर्थात् कोणती भिंत कोणत्या शाखेच्या वांट्यास, हें सर्व माणसांत अगदीं सारखें नसतें. ओढ्यांचे पाट जसे प्रत्येक शिवारांत थोडे निराळे, तसेंच हें.

छातीवरील जागा मात्र नेमक्या हव्यात. कंठाच्या खळग्यापासून बोट मधल्या हाडावरून खालीं सरकवीत नेलें असतां सुमारें पांच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो; तेथें दुसरी बरगडी मिळते. तेथून मोजीत चौथ्या व पांचव्या बरगड्यांमधील फटींत, मधल्या हाडाच्या उजव्या कडेस व्ही १ व डाव्या कडेस व्ही २. एक फट खालीं, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या मध्यावरून सरळ उतरणाऱ्या रेषेवर व्ही ४. व्ही २ आणि व्ही ४ यांच्या मधोमध व्ही ३. व्ही ४ च्याच पातळींत, काखेच्या पुढच्या कडेखालीं व्ही ५ आणि काखेच्या मध्याखालीं व्ही ६. घाईंत पहिल्या दोन तारा एक-दोन फटी वर लागल्या, तर पूर्वीं कधीं झटका येऊन गेल्यासारखें खोटें चित्र उमटूं शकतें, व निरोगी मनुष्य उगाच धास्तावतो.

राहिली मागची भिंत. पाठीवर तार कोणी लावीत नाहीं, म्हणून तिचा झटका बारा दिशांत समोरून दिसत नाहीं; परंतु पुढच्या व्ही १ ते व्ही ३ मध्यें तो उलटा दिसतो. वर उचलला जावयाचा भाग येथें खालीं दबतो. जुने डॉक्टर विद्यार्थ्यांस एक युक्ति शिकवीत: कागद मागून पुढें व वरून खालीं उलटा करून उजेडासमोर धरावा, म्हणजे दबलेला भाग उचललेला दिसतो. शंका आल्यास काखेच्या मागें, डाव्या फऱ्याखालीं व कण्याच्या कडेस तारा लावून व्ही ७, व्ही ८, व्ही ९ काढतात.

हें सर्व जाणणारा मनुष्य प्रत्येक गांवीं असणें शक्य नाहीं, ही अडचण खरी. तिच्यावरील तोडही आइन्थोव्हेन यांनींच प्रथम दाखविली होती. १९०५ सालीं त्यांनीं रुग्णालयांतील रोग्याचा ठोका सुमारें दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेंत टेलिफोनच्या तारेनें आणून तेथें आलेख काढला. रोगी एकीकडे, जाणकार दुसरीकडे. आज तेंच काम भ्रमणध्वनीनें होतें. गोव्यांत २०१८ पासून लहान सरकारी दवाखाने बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशीं या कामीं जोडलेले आहेत. दवाखान्यांत काढलेला आलेख दूरचे तज्ज्ञ वाचतात, व झटक्याची खूण दिसल्यास गांठ विरघळविणारें औषध तेथल्या तेथें देऊन मग रोग्यास मोठ्या रुग्णालयांत हलवितात. यांत वेळ वांचतो, आणि वेळ म्हणजे येथें हृदयाचें मांस होय. रक्त तुटल्यापासून अर्ध्या तासाच्या आंतबाहेर तें मरूं लागतें, व पुढील कांहीं तासांत मेलेला भाग वाढत जातो. म्हणूनच छातींत दुखणाऱ्या रोग्याचा आलेख तो दवाखान्यांत आल्यापासून दहा मिनिटांत निघावा, असा जगभरचा दंडक आहे. रोग्यास घेऊन जातांना मोटारसायकलवर मध्यें बसवून नेण्यापेक्षां १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती सेवा महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे.

पालकांसाठीं दोन गोष्टी लिहून हा लेख पुरा करतों. पहिला आलेख निर्दोष निघाला म्हणजे झटका नाहीं, असें ठरत नाहीं. कांहींच्या बाबतींत खूण उशिरां उमटते. दुखणें चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनीं तो पुन्हां काढावयास सांगण्यांत संकोच मानूं नये. दुसरी गोष्ट जुन्या पट्टीची. मनुष्य बरा असतांना काढलेला आलेख जवळ असला, तर आजचा फरक नवा कीं जुना हें डॉक्टरास चटकन् कळतें. परंतु हा कागद बहुधा उष्णतेनें उमटणारा असतो. प्लास्टिकच्या पिशवींत किंवा पत्र्याच्या पेटींत उन्हाळाभर ठेवला तर कांहीं वर्षांत तो कोरा होऊन बसतो. त्याची झेरॉक्स काढून, तारीख घालून, शिधापत्रिकेच्या जोडीस ठेवावी.